जुन्या प्रणालीने अडविलेली जागा

भिलाईच्या झोतभट्टीतून लोखंडाबरोबर धातुमळीही निघते. ही मळी वाया जात नाही. सिमेंटच्या निर्मितीत तिचा उपयोग होतो. संगणकाची प्रणाली बदलल्यावर मागे जे उरते, त्याचा उपयोग मात्र एकच असतो, आणि तोही थोडे दिवस.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल संपली. त्यामुळे अनेकांना पुढील आवृत्तीकडे वळावे लागले. नवी प्रणाली बसली, काहीही नवे साठविले नाही, तरी तबकडीवरील मोकळी जागा घटली, असा अनुभव अशा वेळी येतो. याचे कारण असे की, नवी प्रणाली जुनीला पुसून टाकीत नाही. ती तिला ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवते. छपाईयंत्र चालेनासे झाले किंवा एखादा आवश्यक प्रोग्राम उघडेनासा झाला, तर माघारी जाता यावे, हा त्यामागील हेतू होय. २०१५ मध्ये ही मुदत तीस दिवसांची होती. २०१६ पासून ती दहा दिवसांवर आली. त्यानंतर हे फोल्डर सहसा आपोआप नाहीसे होते.

हे फोल्डर वीस गिगाबाइटांचे असू शकते. म्हणजे किती? १९५६ साली आय.बी.एम.ने पहिले तबकडी-यंत्र बाजारात आणले. त्यातील पन्नास तबकड्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आजचे हे अडगळीचे फोल्डर साठवावयास तशी सुमारे चार हजार यंत्रे लागली असती! (हा हिशेब रोमन अक्षरांचा. देवनागरीचे एकेक चिन्ह आज सहसा तीन बाइट व्यापते.)

दहा दिवस थांबावयाचे नसेल, तर सेटिंग्जमधील ‘सिस्टम’, त्यातील ‘स्टोरेज’ व त्यातील ‘टेंपररी फाइल्स’ या क्रमाने जावे आणि पूर्वीच्या विंडोजपुढील चौकटीत खूण करावी. फोल्डर हाताने पुसू पाहणे व्यर्थ असते; प्रणाली बहुधा परवानगी नाकारते. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’चीही चौकट असते. तिच्यात आपण उतरवून घेतलेली कागदपत्रे असतात, म्हणून तेथे खूण नाही ना, हे आवर्जून पाहावे.

त्याआधी एक काम मात्र टाळू नये. प्रणाली बदलताना ‘काहीही जतन करू नये’ असा पर्याय निवडला गेला असेल, तर घरची छायाचित्रे व लेखन ‘विंडोज.ओल्ड’मधील ‘यूझर्स’ या कप्प्यातच राहिलेले असते. ते शोधून दुसऱ्या ठिकाणी उतरवावे, उघडून पाहावे, आणि मगच खूण करावी.