व्हाउचरवरचा सत्यनारायण

बँकेच्या नोकरीत मी जेवढे सत्यनारायण पाहिले, तेवढे एखाद्या भटजींनीही क्वचितच पाहिले असतील. शाखेचा वर्धापनदिन आला की पूजा ठरलेलीच. काउंटरमागं केळीचे खांब, साजूक तुपाच्या शिऱ्याचा वास आणि चौरंगापुढं सोवळं नेसून बसलेले मॅनेजरसाहेब, सपत्नीक. १९९७ साली एका तालुक्याच्या गावी हा मान माझ्याकडं आला. मी देव मानणारा. आजही अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाही. त्यामुळं मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी खर्चाचं व्हाउचर मी हेड कॅशियरपुढं ठेवलं. साडेचारशे रुपये, तपशील 'चहापान'. हे गृहस्थ पक्के नास्तिक. पण सहकाऱ्याच्या आईच्या तेराव्याला सकाळपासून पाणी भरायला हजर असणारे. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"साहेब, चहा कुठं झाला? सत्यनारायण झाला. तसं लिहा."

तसं लिहिलं तर ऑडिटर विचारणार. मी गप्प.

"मग वर्गणी काढा. पहिले अकरा रुपये माझे. नाहीतर पूजा तुमच्या घरी घाला, मी प्रसादाला येतो. इथं खातं असणाऱ्यांत मोमीन आहेत, बौद्ध आहेत, माझ्यासारखा काहीच नसलेलाही आहे. त्यांच्या खर्चानं कशाला?"

मी व्हाउचर पुढं सरकवलं. त्यावर माझी सही होती. नाही म्हणणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी पैसे मोजून दिले.

नास्तिक म्हटलं की आपल्याकडं देव्हाऱ्यावर हात टाकणारा कुणीतरी डोळ्यांपुढं येतो. प्रत्यक्षात नास्तिकांचंही आपसांत एकमत नसतं, आणि हे महाराष्ट्रानं व्यासपीठावर पाहिलेलं आहे. डॉ. श्रीराम लागू स्वच्छ सांगायचे, देवाला आता रिटायर करावं. शेजारी बसलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नसत. पण आपली समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, घटनेनं प्रत्येकाला उपासनेचं स्वातंत्र्य दिलं आहे, आमचा विरोध शोषणाला आहे, असं ते मांडत. दोघांच्या 'वाद-संवादा'चे कार्यक्रम गावोगाव झाले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून २००० साली दाभोलकर रस्त्यावर उतरले. ज्या देवळात स्वतः हात जोडणार नाही, त्याचं दार दुसऱ्यासाठी उघडावं म्हणून भांडणं! मला त्या वेळी याचं हसू आलं होतं, हेही सांगून टाकतो.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. नरबळी, अघोरी प्रथा, जादूटोणा यांविरुद्धचा हा कायदा. पूजा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना त्यानं धक्का लागत नाही, हे त्यातच लिहिलेलं आहे. धर्म बुडवायला निघालेत म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी ते कलम वाचलं असेल?

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. संविधान सभेच्या चर्चा काढून बसलो आणि १७ ऑक्टोबर १९४९ या तारखेपाशी थबकलो. त्या दिवशी ह. वि. कामत यांनी सरनाम्याची सुरुवात देवाच्या नावानं व्हावी अशी दुरुस्ती मांडली. देवाच्या नावानं, तर देवीच्या का नको, असं रोहिणीकुमार चौधरींनी विचारलं. ते शाक्त आसामचे! देवाला मतदानाला लावू नका, अशी पूर्णिमा बॅनर्जींनी विनवणी केली. पण मला खिळवलं ते पंडित हृदयनाथ कुंझरूंनी. देवाला मानणारा माणूस. पण ज्या गोष्टीचा संबंध आपल्या मनाच्या गाभ्याशी आहे, ती सगळ्यांवर सामुदायिकपणे लादू नये, असं म्हणत त्यांनी विरोध केला. मतं मोजली गेली. बाजूनं ४१, विरुद्ध ६८. सरनामा 'आम्ही, भारताचे लोक' असाच राहिला.

कुंझरूंचं म्हणणं वाचताना मला साडेचारशे रुपयांचं ते व्हाउचर आठवत राहिलं. आमचे कॅशियर याहून वेगळं काय सांगत होते? मोठ्या सभेत एका आस्तिकानं म्हटलं ते तालुक्याच्या शाखेत एका नास्तिकानं म्हटलं, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट आहे. त्याच वर्षी ते बढतीच्या परीक्षेला बसले होते आणि त्यांच्याविषयीचा गोपनीय शेरा मला लिहायचा होता. वीस वर्षांत पै-पैचा हिशेब न चुकलेल्या माणसाबद्दल मी लिहिलं, 'कामात चोख. सहकाऱ्यांत मिसळण्याची वृत्ती कमी.' बढती हुकली. त्या शेऱ्यामुळं की आणखी कशामुळं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी शोधलाही नाही.

मुलाच्या लग्नानंतर घरी सत्यनारायण घातला, तेव्हा मी त्यांना आवर्जून बोलावलं. ते सपत्नीक आले. पूजा चालू असताना बाहेर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले आणि मग पंक्तीत सर्वांबरोबर जेवले. माझ्या बायकोकडं शिरा दुसऱ्यांदा मागून घेतला. केळं जरा जास्त पडलंय, म्हणाले.

शेऱ्याचं मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.