हत्यार घरचं, माप दुकानाचं

नाशिकच्या द्वारका सर्कलवर मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रोड मिळतो. जुन्या दुचाकीचं इंजिन उघडून बसलेला माणूस पिस्टन, रिंगा, बेअरिंग शोधत या भागात येतो. पार्ट मिळतात, गाडं अडतं ते कंपनीच्या खास हत्यारापाशी. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. गाड्या मात्र अजून पळताहेत, म्हणून हत्यारं घरीच घडतात.

खास हत्यारांची कामं मुळात तीनच: धरणं, ओढणं आणि बसवणं.

क्लचचा नट सोडवायला जावं तर क्लच सेंटरही सोबत फिरतं. त्यावर उपाय म्हणजे झिजलेली पोलादी क्लच प्लेट. तिचे आतले दाते सेंटरवर नेमके बसतात. तिला लोखंडी पट्टी वेल्ड केली की धरायचा दांडा तयार. टू-स्ट्रोकमध्ये प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडूनही पिस्टन अडवता येतो. पिस्टनने सगळे पोर्ट झाकल्यावरच दोरी घालायची, नाहीतर ती पोर्टच्या कडेत चिरडते. दुसरं टोक बाहेर ठेवायचं.

गजन पिन अडकली की हात हातोडीकडे जातो, आणि त्या ठोक्यांनी कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्याऐवजी सर्क्लिप काढून पिनमधून आट्यांचा लांब रॉड घालावा. एका टोकाला पिनच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान वॉशर आणि नट. दुसरीकडे पिन आत मावेल असा पाइपचा तुकडा पिस्टनला टेकवून वॉशर आणि नट. नट आवळत गेलं की पिन पाइपात सरकत येते. सगळा जोर पिस्टन आणि पिन यांच्यातच राहतो, कनेक्टिंग रॉडवर येत नाही.

बेअरिंग बसवायला उष्णता पुरते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५२ मिमी व्यासाचं बेअरिंगचं घर ८० अंशांनी तापवलं, तर ते सुमारे ०.१ मिमी रुंदावतं. बेअरिंगची घट्ट बैठक असते काही शतांश मिमीची. केसिंग पेट्रोल-तेल पुसून, पूर्ण सुकवून सगळीकडून सारखं तापवावं, बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवावं, आणि ते हाताने सरळ आत बसतं. एकाच जागी ज्योत धरली तर केसिंग वाकतं.

मोजमापात मात्र अंदाज चालत नाही. बोअरची झीज मायक्रोमीटर आणि बोअर गेजनेच कळते. ते काम टर्नरकडे न्यावं. टॉर्क पाना नसेल तर स्प्रिंगचा काटा चालतो, कारण काट्याला माप असतं: अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला काटकोनात ५ किलोचा ओढा दिला की २.५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २४.५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो.

मॅग्नेटचा पुलर तेवढा विकतच घ्यावा, आपल्या गाडीच्या आट्यांचा. मॅग्नेटवर हातोडी मारली तर दाबून जोडलेला क्रँक सरकतो, आणि मग पुलरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च क्रँक सरळ करण्यात जातो.

घरचं हत्यार वापरण्याआधी एवढंच विचारा: आपण लावलेला जोर नेमका कोणत्या भागावर पडणार आहे? उत्तर ठाऊक नसेल तर पाना खाली ठेवा.