कच्ची नोंद, पक्की आठवण

स्मॉलव्हिल हे संगणकाच्या पडद्यावरचं गाव. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जून सुंग पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली ते वसवलं आणि त्यात २५ रहिवासी सोडले. प्रत्येक रहिवासी म्हणजे एक एआय एजंट. सकाळी उठायचं, कामाला जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचं, असा त्यांचा दिनक्रम. गावातल्या टॉमला कॅफेत ठरलेल्या व्हॅलेंटाइन डेच्या पार्टीबद्दल विचारलं, तेव्हा मोठी गंमत झाली. पार्टी आहे की नाही, हे त्याला सांगता येईना. पण त्याच पार्टीत गावातल्या इझाबेलाशी निवडणुकीबद्दल बोलायचंय, हे मात्र त्याला पक्कं आठवत होतं. बेत लक्षात राहिला आणि तो ज्यावर बेतलेला, ती गोष्टच वेळेवर हाती लागली नाही.

एआय एजंटच्या स्मृतीचा सगळा पेच या एका उत्तरात आहे. भाषेचं मॉडेल एका वेळी ठरावीक मजकूरच नजरेसमोर ठेवू शकतं. त्याला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात. संभाषण संपलं की ती पाटी कोरी. मॉडेलच्या आत मुरलेलं ज्ञान वेगळं. ते प्रशिक्षणातून आलेलं असतं आणि रोजच्या रोज त्यात भर घालणं जोखमीचं असतं. न्यूरल नेटवर्कला नवं शिकवायला गेलं की जुनं पुसलं जातं, हे मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं. म्हणून एजंट आपली टिपणं मॉडेलच्या बाहेर, साध्या मजकुराच्या रूपात लिहून ठेवतात. साठवायला जागा हवी तेवढी मिळते. अडतं ते या कच्च्या टिपणांमधून टिकाऊ आठवण घडवताना.

माणसाच्या मेंदूतही टिपणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे हेन्री मोलेसन यांच्यामुळे कळलं. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर ते नीट बोलत, समोरची गोष्ट थोडा वेळ ध्यानात ठेवत; बालपणही त्यांना आठवे. पण आजची घटना उद्यापर्यंत पोचत नसे. पुढे १९९४ मध्ये विल्सन आणि मॅक्नॉटन यांना झोपलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाच्या भटकंतीतलेच पेशींचे नमुने पुन्हा उमटताना दिसले. दिवसा टिपायचं आणि निवांतपणी मुरवायचं, ही मेंदूची रीत असावी, या कल्पनेला त्यातून बळ मिळालं.

दुकानदाराच्या हिशेबात हेच काम रोजकीर्द आणि खतावणी करतात. दिवसभराचे व्यवहार घडतील तसे रोजकीर्दीत उतरायचे आणि मग खात्याखात्यांत मांडायचे. खतावणीतल्या नोंदीसमोर रोजकीर्दीचा पान क्रमांकही असतो. तो क्रमांक मला फार मोलाचा वाटतो.

स्मॉलव्हिलमध्ये तो होता. तिथे प्रत्येक घटनेची नोंद होई आणि मॉडेल तिला १ ते १० मध्ये गुण देई. खोली आवरली तर २, मनातल्या व्यक्तीला भेटीचं विचारलं तर ८. अलीकडच्या नोंदींच्या गुणांची बेरीज १५० च्या पुढे गेली की एजंट ‘चिंतना’ला बसे, दिवसातून साधारण दोन-तीनदा. ताज्या १०० नोंदी समोर घेऊन तो स्वतःलाच तीन प्रश्न विचारी आणि उत्तरांतून निष्कर्ष काढी. क्लाउस नावाच्या रहिवाशाबद्दल असा निष्कर्ष निघाला, की तो आपल्या संशोधनाला वाहून घेतलेला आहे. आणि तो कोणकोणत्या नोंदींवरून काढला, त्यांचे क्रमांक कंसात.

गुण देण्याच्या पद्धतीवर मात्र माझा पूर्ण भरवसा नाही. समजा, तुमच्या एजंटने टिपलं, ‘आजपासून चहा बिनसाखरेचा.’ याला फार तर २ गुण मिळतील. आठवड्याने ‘रक्ततपासणीची वेळ घेतली’, मग ‘रोज सकाळी चालायला जाणार’. तिन्ही टिपणं सुटी क्षुल्लक. एकत्र वाचली तर घरात मधुमेहाची शंका आलेली दिसते. नोंदीचं महत्त्व ती लिहिताना कळतंच असं नाही, म्हणून कच्ची टिपणं घाईने फेकू नयेत.

सारांश करतानाही असंच जपावं लागतं. ‘उद्या कोर्टाची तारीख आहे’ हे टिपण जसंच्या तसं कायमच्या स्मृतीत गेलं, तर दुसऱ्याच दिवशी ते खोटं ठरतं. नोंद पक्की करताना ‘उद्या’च्या जागी दिनांक यायला हवा, आणि हे कोणी सांगितलं तेही. एजंटने स्वतः केलेला तर्क आणि माणसाने सांगितलेली गोष्ट यांत फरक राहिला नाही, तर सारांशाच्या सारांशात अंदाजाची माहिती होऊन बसते. बर्कलीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या मेमजीपीटी या रचनेत विंडो भरत आली की मॉडेलला आधीच इशारा मिळतो, म्हणजे महत्त्वाचं ते बाहेरच्या साठ्यात हलवायला त्याला अवसर मिळतो. तो फार गरजेचा आहे. जागा संपल्यावर घाईघाईने केलेल्या सारांशात आधी गळतात ते असे तपशीलच.

मग बदललेल्या गोष्टींचं काय? माणूस नाशिकहून पुण्याला राहायला गेला, तर जुनी नोंद खोडण्यापेक्षा ‘अमुक तारखेपर्यंत नाशिक’ असं लिहिणं बरं; मागच्या वर्षीचं पत्र तिथेच का गेलं, याचा उलगडा नंतरही होतो. पण त्याच माणसाने ‘माझ्या आजाराबद्दलचं सगळं विसर’ म्हटलं, तर गोष्ट निराळी. तेव्हा मूळ टिपण पुसायचं, त्याचा सारांश पुसायचा आणि त्यावरून बांधलेला प्रत्येक तर्कही पुसायचा. क्लाउसच्या निष्कर्षाला होते तसे क्रमांक जोडलेले असतील, तर हे सगळे धागे सापडतात. नसतील, तर बिनसाखरेच्या चहाची नोंद पुसली जाईल आणि ‘यांना मधुमेह असावा’ हे वाक्य तसंच मागे राहील.