जुन्या घराचा रंग आणि शिशाची धूळ

न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या आसपास जुनं घर घेणाऱ्याला खरेदीच्या कागदांत शिशाच्या रंगाबद्दलचाही एक कागद मिळतो. घर १९७८ पूर्वीचं असेल तर विकणाऱ्याने शिशाच्या रंगाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगायचं, माहितीपत्रक द्यायचं आणि तपासणी करून घ्यायला दहा दिवस द्यायचे, असा तिथला कायदा आहे. बाकीच्या ढिगाऱ्याबरोबर त्यावरही सही होते. काही वर्षांनी स्वयंपाकघर फोडायला घेतलं की तो कागद आठवतो. मग मंडळात, देवळात, कुणाच्या तरी डोहाळजेवणात सल्ले मिळू लागतात आणि त्यांत ऐकीव माहितीच जास्त असते.

‘शिशाच्या रंगावर १९७८ मध्येच बंदी आली, आता कसलं शिसं?’ हा त्यातला पहिला सल्ला. बंदी आली ती घरांसाठी असा रंग विकण्यावर. भिंतींवर आधीच बसलेला रंग खरवडून काढायला कुणी गेलं नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सांगते की १९४० पूर्वीच्या सुमारे ८७ टक्के घरांत शिशाचा रंग आहे. १९४० ते १९५९ मधल्या घरांत हे प्रमाण ६९ टक्के आणि त्यानंतर १९७७ पर्यंतच्या घरांत २४ टक्के आहे. म्हणजे १९६८ चं घर असेल तर बहुधा शिसं निघणारही नाही. तरीही कंत्राटदाराने एकतर चाचणी करावी, नाहीतर शिसं आहेच असं धरून चालावं. अंदाजाने ‘नसेल’ म्हणायची मुभा ईपीएच्या नियमात नाही.

‘त्यावर चार वेळा नवा रंग चढलाय’ हे मात्र निम्मं खरं आहे. धड असलेला, कुणी न छेडलेला रंग सहसा त्रास देत नाही. पण खिडकीची झडप रोज वरखाली होते, दार चौकटीला घासतं, जिन्याच्या पायऱ्या झिजतात. तिथे खालचा थर आपोआप भुकटी होऊन बाहेर येतो. आणि भिंतीला करवत लागली की वरचे चार थर काय किंवा आठ काय, सगळे एकदमच उडतात.

‘आमचं मूल काही भिंत चाटत नाही’ असंही ठामपणे सांगितलं जातं. ते चाटावं लागतच नाही. धूळ जमिनीवर बसते, मूल जमिनीवर रांगतं, हात तोंडात जातो. या धुळीचा वास येत नाही आणि लगेच ताप-उलट्याही होत नाहीत. रक्त तपासल्याशिवाय काही कळत नाही. मुलांच्या रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. अमेरिकी आरोग्य यंत्रणा डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमपासून पुढे लक्ष घालते. पण त्याखाली सगळं ठीक, असा त्या आकड्याचा अर्थ नाही. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून निघत नाही.

हे सगळं धुळीचं प्रकरण आहे हे एकदा ध्यानात आलं की ईपीएचा नूतनीकरणाचा नियम सरळ वाटू लागतो. २०१० पासून तो लागू आहे. १९७८ पूर्वीच्या घरात पैसे घेऊन रंगाला हात लावणारा प्रत्येक जण त्यात येतो: रंगारी, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, खिडक्या बसवणारा. ‘आमचं रंगकाम नाही’ ही पळवाट चालत नाही. घरात एका खोलीत सहा चौरस फुटांपर्यंतची आणि बाहेर वीस चौरस फुटांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती वगळली आहे, पण खिडकी बदलणं त्या सवलतीत कधीच बसत नाही. सहा फुटांचा हा आकडा कारभाराच्या सोयीचा आहे. पाच फुटांची धूळ पोटाला चालते असं काही नाही.

कंपनीची नोंदणी वेगळी आणि प्रशिक्षित माणसाचं प्रमाणपत्र वेगळं. दोन्ही मागावीत. काम सुरू होण्याआधी त्यांनी माहितीपत्रक दिलं पाहिजे. कामाच्या जागेभोवती आत सहा फूट आणि बाहेर दहा फूट प्लास्टिक अंथरलेलं, हवेच्या नळ्यांची तोंडं बंद, दारावर सूचना. ज्योतीने रंग जाळायचा नाही, ११०० अंश फॅरनहाइटच्या वर हीट गन न्यायची नाही, धूळ ओढणारं हेपा गाळणीचं यंत्र जोडल्याशिवाय सँडर फिरवायचा नाही. शेवटी हेपा व्हॅक्यूम, ओला पोछा, आणि मग जमीन व खिडकीची पट्टी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून ते फडकं ठरलेल्या कार्डाशी ताडून बघायचं. साधा व्हॅक्यूम इथे घातकच: मोठा कचरा पोटात ठेवतो आणि बारीक धूळ मागून खोलीभर सोडतो.

‘मालकाने लिहून दिलं की हे सगळं टळतं’ असं सांगणारे कंत्राटदार अजून भेटतात. घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई नसेल तर तशी सवलत सुरुवातीला होती खरी. ती २०१० मध्येच काढून टाकली. आणि कुणी विचारत नाही म्हणावं, तर होम डेपोने २०२० मध्ये याच नियमावरून दोन कोटी साडेसात लाख डॉलर दंड मान्य केला, कारण त्यांच्यातर्फे घरोघरी गेलेल्या काही कंत्राटदारांकडे प्रमाणपत्रं नव्हती. ‘फिक्सर अपर’ या लोकप्रिय कार्यक्रमामागच्या कंपनीला तर पडद्यावर दिसलेल्या कामांवरून २०१८ मध्ये दंड भरावा लागला.

एक भोक मात्र उरतंच. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणाऱ्याला हा नियम लागत नाही. तेच घर भाड्याने दिलेलं असेल तर लागतो. शनिवार-रविवारी सँडर भाड्याने आणून जिना घासणाऱ्या हौशी बापावर कायद्याची नजर नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त धोका तिथेच आहे.

आपल्याकडे काय? भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. अमेरिकेतली आजची मर्यादाही तीच. पण हा नियम नव्या डब्यांचा आहे. गिरगावातल्या चाळीचा पिवळा दरवाजा किंवा पुण्यातल्या वाड्याची हिरवी खिडकी खरवडताना काय करावं, हे तो सांगत नाही. चुन्याच्या भिंतीपेक्षा दारं, खिडक्या, ग्रिल, पाळणे यांच्यावरच्या ऑइल पेंटकडे, त्यातही भडक पिवळ्या, केशरी, लाल रंगांकडे आधी बघावं. दिवाळीआधी रंगारी कोरडा पॉलिश पेपर मारतो आणि घरातलं कुणीतरी मागोमाग झाडू. त्याऐवजी वॉटर पेपर घेऊन ओलं घासायला सांगावं, खाली प्लास्टिक घालावं, झाडूच्या जागी ओलं फडकं वापरावं, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावं. रंगाऱ्यालाही निघण्यापूर्वी हातपाय धुवायला आणि कपडे बदलायला जागा द्यावी. त्याच्याही घरी रांगतं मूल असू शकतं.