एकच दार असलेले घर

घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओटा, पडवी, पुढचे दार आणि मागचे दार येते. कोकणात तर परसदार नसलेले घर आपल्याला अपुरेच वाटते. अमेरिकेत मात्र लाखो कुटुंबे सुट्टीचे दिवस अशा घरात काढतात, ज्याला परसदार नसतेच. हे घर चाकांवर असते. पिकअप गाडीच्या मागे जोडून ते ओढत न्यायचे, तळ्याकाठी किंवा जंगलात ठरवून दिलेल्या जागी उभे करायचे आणि चार दिवस त्यात राहायचे. इकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन. काही मोठ्या ट्रेलरना दोन दारे असतात, पण लहान आणि मध्यम आकाराच्या ट्रेलरला बहुधा एकच.

या लेखात आम्हाला त्या एका दाराबद्दल आणि त्यावरच्या कुलपाबद्दल लिहायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण कुलूप चोराला बाहेर ठेवते एवढेच आपण पाहतो. घरच्या माणसाला वेळेवर बाहेर पडू देणे हेही त्याचेच काम आहे, हे आपण क्वचितच तपासून पाहतो.

आम्हाला हे घर का सोयीचे

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, आता शिकागोजवळ राहतो. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि वर्षातले काही महिने इकडे येणाऱ्या अम्मी. प्रवासात हॉटेलात उतरले की खाण्याचा प्रश्न येतो. हलाल मिळेल का, मिळाले तर अम्मींना ते चालेल का, याचा विचार आधीपासून करावा लागतो. ट्रेलरमध्ये आपला गॅस, आपली भांडी, आपला भात आणि आपले कालवण. मुसल्ला अंथरायला जागा असते. बायकांना आडोसा मिळतो. वृद्ध माणसाला हवे तेव्हा पाठ टेकता येते.

अमेरिकेत या घरांचा इतिहास जुना आहे. वॉली बायम यांनी १९३१ साली सुरू केलेल्या एअरस्ट्रीम कंपनीचे चकचकीत अॅल्युमिनियमचे ट्रेलर आजही रस्त्यावर दिसतात. इंडियाना राज्यातला एल्कहार्ट जिल्हा हे आता या धंद्याचे माहेरघर आहे. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर त्याच भागात तयार होतात. ओढायला सोपे जावे म्हणून या घरात सगळे हलके वापरतात. भिंती पातळ, कपाटे हलकी, दारही हलके. कुलूपही त्याच हिशेबाने बसवलेले असते.

कुलूप चालते कसे

ट्रेलरचे दार म्हणजे अॅल्युमिनियमची चौकट आणि मध्ये फोम भरलेला पत्रा. त्याची जाडी साधारण दीड इंच. कुलपाचे दोन भाग असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. दोन्हींच्या मध्ये दार सँडविचसारखे दाबले जाते आणि ते घट्ट ठेवणारे स्क्रू आतल्या बाजूने असतात. बाहेरून स्क्रू दिसत नाहीत, म्हणजे चोराला ते काढता येत नाहीत.

बाहेर ओढायची मूठ असते, आत लहानसा खटका. दोन्हींचे काम एकच: स्प्रिंगच्या जोरावर चौकटीत शिरलेली लॅचची तिरकी जीभ मागे खेचायची. याशिवाय वर डेडबोल्ट असतो. तो स्प्रिंगवर चालत नाही. किल्लीने किंवा आतल्या बटणाने फिरवला तरच सरकतो. प्रवासात दार उघडू नये म्हणून तो लावतात.

गोम अशी, की आतला खटका आणि बाहेरची मूठ एकाच जिभेला वेगवेगळ्या तुकड्यांनी ओढतात. हे तुकडे पुष्कळदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. अलिगढच्या जुन्या पितळी कुलपाचे वजन ज्यांनी हातात घेतले आहे, त्यांना हा फरक सांगायला नको. ओतीव तुकडा वाकत नाही. तो एक दिवस अचानक तुटतो. आतला तुकडा तुटला तरी बाहेरून दार नीट उघडते, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही.

साउथ हेवनची पहाट

मिशिगन सरोवराच्या काठी साउथ हेवन नावाचे गाव आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमचा मुक्काम त्याच्या जवळच्या एका कॅम्पग्राउंडवर होता. ट्रेलरची पाण्याची टाकी पुरवून वापरावी लागते, म्हणून वुजूसाठी अम्मी कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात जात. फजरच्या वेळी त्यांनी दाराचा डेडबोल्ट फिरवला, खटका ओढला. खटका सैल पडला होता. तो मागे-पुढे होत होता, पण दार हलत नव्हते.

आम्ही उठून पाहिले. खटक्याचा आतला तुकडा तुटला होता. बाहेर अजून अंधार होता. आत आम्ही पाच जण, शेगडीचा प्रोपेन गॅस बाहेरच्या सिलिंडरमधून आत आणलेला, आणि दार बंद. तेव्हा आग नव्हती, धूर नव्हता. घाबरावे असे काहीच घडले नव्हते. तरी अम्मी हळूच म्हणाल्या, "आणि आता जर काही झाले असते तर?" त्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणाला सुचेना.

अमेरिकेत ट्रेलरसाठी अग्निसुरक्षेचे एक मानक आहे, एनएफपीए ११९२. त्यानुसार दाराशिवाय बाहेर पडायचा दुसरा मार्ग ठेवावा लागतो. बहुतेक ट्रेलरमध्ये तो मार्ग म्हणजे पलंगाजवळची एक मोठी खिडकी. तिच्या खटक्यांना लाल रंग असतो आणि वर बाहेर पडण्याची खूण. आमची तेरा वर्षांची मुलगी त्याच पलंगावर झोपली होती. लाल खटके तिने सोडवले, पण खिडकी उघडेना. रबराची पट्टी चौकटीला चिकटून बसली होती. दोघांनी तळहाताने कडा दाबल्या, तेव्हा ती एकदम सुटली.

मुलगी आधी पाय बाहेर सोडून, पोटावर वळून, कडेला लोंबकळत खाली उतरली. ती दाराशी आली आणि बाहेरची मूठ ओढली. दार पहिल्याच ओढीला उघडले. सगळा प्रकार दहा मिनिटांत आटोपला आणि अम्मींची फजर वेळेत झाली.

आतून दार अडकले तर

नंतर उजेडात आम्ही कुलूप उघडून पाहिले आणि त्यातून जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

पहिली गोष्ट, जोर लावू नये. खांदा मारून दार उघडत नाही. हलकी चौकट तेवढी वाकते आणि मग नवे कुलूपही नीट बसत नाही. डेडबोल्ट पूर्ण मागे गेला आहे ना, हे आधी पाहावे. अर्धवट अडकलेला डेडबोल्ट हेच अनेकदा कारण असते. मग दार आपल्याकडे घट्ट ओढून धरून खटका ओढावा. रबरी पट्टीच्या दाबाने जीभ अडकली असेल, तर ती यामुळे मोकळी होते.

तरी उघडले नाही, तर आतले स्क्रू काढून आतली पट्टी बाजूला करावी. मागे लॅचची जीभ दिसते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने किंवा नाकाड्या पकडीने ती मागे सारता येते. म्हणून एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक पकड स्वयंपाकाच्या खणातच ठेवावी. लोक हत्यारे बाहेरून उघडणाऱ्या सामानाच्या कप्प्यात ठेवतात. आत अडकलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग?

त्या बाहेरच्या कप्प्यांविषयीही एक सांगायला हवे. अमेरिकेतल्या असंख्य ट्रेलरच्या कप्प्यांना सीएच ७५१ या एकाच क्रमांकाची किल्ली लागते. ही किल्ली कुठल्याही दुकानात मिळते. म्हणजे शेजाऱ्याची किल्ली आपल्या कप्प्याला लागते आणि आपली त्याच्या. त्यात कागदपत्रे, पैसे, दागिने कधीही ठेवू नयेत.

नवे कुलूप घेताना

परतीच्या वाटेवर आम्ही वाट वाकडी करून एल्कहार्टला गेलो. तिथे कारखान्यांतला उरलेला माल विकणारी दुकाने आहेत. दुकानदाराने विचारलेले प्रश्न प्रत्येकाने लिहून ठेवावेत: दारातल्या भोकाची लांबी-रुंदी किती? दाराची जाडी किती? बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे? डेडबोल्ट त्याच कुलपात आहे की वेगळा? आम्ही जुने कुलूपच पिशवीतून नेले होते, त्यामुळे काम सोपे झाले.

आकड्यांचे बटण असलेली, विजेवर चालणारी कुलपेही तिथे होती. किल्ली हरवण्याची भीती नको म्हणून अनेक जण ती घेतात. आम्ही साधे किल्लीचे घेतले. अम्मींना अंधारात, चष्म्याशिवाय, हाताला लागेल असा मोठा खटका हवा होता. बसवायला अर्धा तास लागला. स्क्रू आळीपाळीने आणि बेताने आवळावेत. फार आवळले की दाराचा पत्रा दबतो आणि आतली यंत्रणा घट्ट होते.

पण नवे कुलूप बसवून काम संपत नाही. ट्रेलर समपातळीत उभा नसेल, तर त्याच्या सांगाड्याला पीळ बसतो, दाराची चौकट तिरकी होते आणि जीभ खाचेत घासू लागते. कोपऱ्यांचे जॅक ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नव्हे. आधी चाकांखाली फळ्या घालून पातळी साधावी, मग जॅक टेकवावेत. त्यानंतर दार दोन वेळा उघड-बंद करून पाहावे. तरी घासत असेल, तर चौकटीवरची खाचेची पट्टी सैल करून जरा सरकवावी.

कुलपात खाण्याचे तेल किंवा चिकट वंगण घालू नये. सरोवराकाठची बारीक वाळू त्याला चिकटते आणि आत चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा कोरडा फवारा चांगला.

खिडकीतून कोण उतरणार?

कुलूप बदलले, तरी अम्मींचा प्रश्न शिल्लक होता. मुलगी खिडकीतून उतरली. सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने कसे उतरावे? खिडकीची कड जमिनीपासून माणसाच्या छातीइतकी उंच. नियमाने दुसरा मार्ग ठेवला आहे खरा, पण त्या मार्गावरून जाण्याची ताकद घरातल्या प्रत्येकाला नसते.

आम्ही बसून ठरवले. अम्मींची झोपायची जागा दाराजवळच्या बाकावर आली. लाल खटक्यांची खिडकी आता दर मोसमाच्या सुरुवातीला आणि मध्यावर उघडून रबर पुसले जाते. खिडकीखाली, बाहेर, घडीचे स्टूल उभे असते. रात्री धूर किंवा गॅसचा इशारा वाजला तर कोण काय करील, हे ठरलेले आहे: मुलगी खिडकीतून उतरून दार बाहेरून उघडील, आमच्यापैकी एक जण अम्मींजवळ, दुसरा धाकट्याजवळ. दाराची एक किल्ली रात्री खिडकीजवळच्या खुंटीवर असते, कारण डेडबोल्ट लावलेला असला तर उतरणाऱ्याला बाहेरून किल्ली लागेल.

हे सगळे आम्ही दिवसा, हसतखेळत, दोनदा करून पाहिले. पहिल्या वेळी धाकटा खिडकीतून आधी डोके काढू लागला. पाय आधी, डोके मागून, हे सांगून कळत नाही, करूनच कळते. अम्मींनाही आम्ही खिडकी उघडायला लावली. खटके कुठे आहेत, ते त्यांचे हात आता अंधारातही शोधतात.

आपल्या घरातली दारे

ट्रेलर भारतात फारसे कुणाकडे नाहीत. पण एकच दार असलेली घरे मुंबई, भिवंडी, मालेगाव, पुणे इथे घरोघरी आहेत. आपल्या फ्लॅटला एक दार, त्यावर नाइट लॅच, आणि प्रत्येक खिडकीला पक्की जाळी. चोर येऊ नये म्हणून बसवलेली ती जाळी आगीच्या वेळी आपल्यालाच अडवते. जाळीचा निदान एक भाग आतून उघडणारा करून घेतला आणि त्याची किल्ली हाताशी ठेवली, तर घराला दुसरे दार मिळते.

या महिन्यात एका सुट्टीच्या सकाळी एवढे करून पाहावे. घरातल्या प्रत्येकाने, वृद्धांनी आणि मुलांनीही, मुख्य दार आतून स्वतःच्या हाताने उघडून पाहावे. न्हाणीघराची कडी लहान मुलाच्या हाताला सरकते का आणि अडकली तर बाहेरून काढता येते का, ते पाहावे. किल्ली रात्री कुठे असते हे सगळ्यांना माहीत असावे. एक स्क्रू ड्रायव्हर आतल्या खणात असावा. आणि ज्याला जिना, खिडकी किंवा शिडी जमणार नाही असे माणूस घरात असेल, तर त्याचा हात कोण धरणार, हे आजच नावानिशी ठरवावे.