पोवळ्याची जखम भरते कशी?

समुद्री टाकीतल्या दगडी पोवळ्याला इजा झाली की आधी कडा मागे सरतात. एरवी फुगून डोलणारा मांसल भाग आक्रसतो आणि त्याखालचा चुन्याचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. हे दिसलं की बहुतेक जण औषधाच्या बाटलीकडे धावतात. माझा आग्रह आहे की आधी पाणी तपासावं.

त्याआधी कायद्याचं सांगायला हवं. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणच्या समुद्रातून पोवळं उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि दुकानात कुणी विकायला ठेवलं असेल तर ते घेऊ नये. पुढची माहिती कामी येईल ती अमेरिका-युरोपात राहणाऱ्या आणि तिथे रीतसर वाढवलेली पोवळी पाळणाऱ्या वाचकांच्या.

पोवळ्याचा जिवंत भाग म्हणजे सांगाड्यावर चढवलेला मांसाचा पातळ थर. त्या थरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर अन्न तयार करतं. पोवळ्याच्या ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत गरज तेच भागवू शकतं. म्हणून इजा झालेल्या पोवळ्याला औषधाआधी हवं असतं स्थिर पाणी आणि बेताचा प्रकाश. तापमान २५-२६ अंश, क्षारता दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि अल्कलिनिटी ८-९ डीकेएच, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं. त्यातही अल्कलिनिटीकडे रोज बघा. सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट तिथूनच येतं, आणि ती एका रात्रीत वरखाली झाली की धडधाकट पोवळ्याचंही मांस सुटू लागतं. ती उतरली असेल तरी एका दमात चढवू नका. दिवसाला एक डीकेएच, त्याहून जास्त नाही.

पाणी ठीक निघालं तर शेजारी कोण आहे ते पाहा. गॅलॅक्सियासारखं पोवळं रात्री लांबलचक दंशतंतू सोडतं आणि आसपासच्या पोवळ्यांना भाजून काढतं. दिवसा ते तंतू आत असल्याने संशयही येत नाही. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च लावून बघितलं की खरं कारण कळतं.

जखमेवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसला तर मात्र थांबू नका. तो कुजणाऱ्या मांसाचा चिखल असतो, त्यात रोमक नावाचे एकपेशीय जीव माजलेले असतात, आणि तो पाण्याबरोबर दुसऱ्या पोवळ्यांवर जाऊन बसतो. आधी पंप बंद करा, बारीक नळीने थर ओढून टाकीबाहेर काढा. मग टाकीचंच पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन पोवळ्यासाठीच्या आयोडीन द्रावणात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ, त्याला बुडवा. ते पाणी परत टाकीत ओतू नका.

हॅमर कोरल घरोघरच्या टाक्यांत दिसतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. त्याचे दोन प्रकार मिळतात. फांद्यांच्या प्रकारात प्रत्येक टोकाचं मांस वेगळं असतं, त्यामुळे सडलेली फांदी खालच्या उघड्या सांगाड्यातून कापली की बाकीची वाचतात. भिंतीसारख्या प्रकारात मांस सलग असतं आणि सड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकते. मी नवख्याला नेहमी फांद्यांचंच घ्यायला सांगतो. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. कापलेलं टोक जेलसारख्या सुपरग्लूने बंद करता येतं, पाण्यात तो घट्ट होतो.

तुटणं म्हणजे मरण नव्हे, हे फ्लोरिडातल्या मोट सागरी प्रयोगशाळेच्या एका टाकीत फार सुंदर दिसलं. तिथले संशोधक डेव्हिड वॉन एल्कहॉर्न जातीचं पोवळं हलवत होते. ते तळाला चिकटलेलं होतं, त्याचा तुकडा मोडला आणि त्याचे काही मोजके इवले जीव (पॉलिप) तळाशीच राहिले. ते मरणार असं त्यांनी धरलं होतं, पण काही दिवसांनी पाहिलं तर ते झपाट्याने पसरले होते. यातूनच पोवळ्याचे नखाएवढे तुकडे करून मेलेल्या खडकावर लावण्याची पद्धत आकाराला आली. एकाच पोवळ्याचे तुकडे वाढता वाढता एकमेकांना भिडले की जुळूनही जातात.

घरी कापाकापी झाल्यावर पोवळं मंद प्रवाहात आणि कमी उजेडात ठेवावं. जागा ठरली की तिथून हलवू नये. संध्याकाळी तंतू बाहेर आले की पंप थांबवून, गोठवलेली मायसिस कोळंबी वितळवून ड्रॉपरने अलगद समोर सोडावी. तंतूंनी ती धरली तर ठीक, नाहीतर लगेच उचलून घ्यावी. आठवड्यातून दोनदा पुरे. उघड्या सांगाड्यावर शेवाळ चढू लागलं तर मऊ ब्रशने खरवडावं, कारण शेवाळाच्या जागी मांस परत सरकत नाही. आणि सगळंच मेलं असं वाटलं तरी सांगाडा लगेच फेकू नये. त्याच्या खाचेत कधीकधी काही महिन्यांनी टाचणीच्या डोक्याएवढे नवे जीव उगवतात. ते दिसले तर मायसिस बारीक कुटून द्यावी, त्यांची तोंडं तेवढीच असतात.