बिघडलेली पत आणि पतपेढीची निवड

‘पत’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. कर्ज मिळण्याची पात्रता हा एक आणि चार माणसांतील अब्रू हा दुसरा. पत ठरविणारा माणूस ओळखीचा होता तोवर या दोन अर्थांत फारसे अंतर नव्हते. आज पहिल्या अर्थाची पत यंत्र ठरविते. पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा २००५ साली झाला. या कंपन्या कर्जदाराच्या परतफेडीची नोंद ठेवतात आणि तिच्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक गुणांक काढतात. आजारपणात थकलेले चार हप्ते आणि बुडविण्याच्या हेतूने थकविलेले चार हप्ते या गुणांकाला सारखेच दिसतात. मग बँकेने दार लावून घेतलेला शिक्षक वा कारकून पतपेढीकडे, म्हणजे त्याच्या नित्याच्या भाषेत ‘सोसायटी’कडे, वळतो. ही वाट चुकीची नाही. मात्र ती डोळे उघडे ठेवून चालावयाची आहे.

प्रथम आपली नोंद खरोखरच बिघडली आहे काय, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. फेडलेले कर्ज थकीत दिसणे, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढणे, असे प्रकार अहवालात आढळतात. तक्रारीचे निवारण तीस दिवसांत न झाल्यास तक्रारदाराला दररोज १०० रुपये भरपाई देण्याचे बंधन २०२४ पासून लागू झाले आहे. जी चूक एका अर्जाने दुरुस्त होऊ शकते, तिच्यापायी नवे कर्ज महागात घेण्याचे कारण नाही.

नोंद खरी असेल तर मात्र पतपेढीचा विचार करावा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रायफायझनने खेड्यांतील पतसंस्था उभारल्या, त्या शेजाऱ्याला शेजाऱ्याची असलेली पारख हेच तारण मानून. भारतात १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना पाया मिळाला. महाराष्ट्रातील पगारदार नोकरांच्या पतपेढ्यांना आणखी एक आधार आहे. सभासदाने करार करून दिल्यास कर्जाचा हप्ता मालकाने पगारातूनच कापून संस्थेकडे भरावा, अशी तरतूद १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये आहे. ज्या संस्थेच्या हाती हप्ता पगारापूर्वीच येतो, तिला गुणांकाची तितकीशी गरज भासत नाही.

याचा अर्थ पतपेढी तारण घेत नाही असा नव्हे. ती सहकाऱ्याची सही घेते. कर्जदाराने नोकरी सोडली, त्याचा पगार थांबला किंवा कपात अपुरी पडली, की बोजा जामीनदारावर येतो. कलम १०१ खालील वसुली दाखला कर्जदाराप्रमाणे त्याच्याविरुद्धही निघू शकतो आणि त्यावरून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. बँकेतील थकबाकीने स्वतःची नोंद बिघडते. पतपेढीतील थकबाकीने शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याच्या घरातील महिन्याचा हिशेब बिघडतो. म्हणून ‘कर्ज कोठे लवकर मिळेल’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. घेतलेले कर्ज कोठे निभावेल, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कागदपत्रांत सापडते. लेखापरीक्षित ताळेबंद आणि उपविधी संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क सभासदाला कलम ३२ ने दिला आहे. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला, थकबाकी वर्षागणिक वाढते आहे काय, वार्षिक सभा वेळेवर होते काय, हे पाहावे. संस्था बहुराज्यीय असेल तर तिच्यावर २००२ चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि तिचा निबंधक दिल्लीत असतो, हेही ध्यानात घ्यावे. कर्जदार हा भागधारक आणि बहुधा ठेवीदारही असतो. बँकांतील ठेवींना असलेले पाच लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थांतील ठेवींना नाही. संस्था बुडाली तर त्याची ठेव अडकते, आणि कर्ज मात्र फेडावेच लागते.

व्याजाचा दर ऐकून समाधान मानू नये. आकारणीची रीत विचारावी. एक लाख रुपये पाच वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतले आणि व्याज मूळ रकमेवरच आकारले, तर ते ६०,००० रुपये होते. तोच दर घटत्या शिलकेवर लावला, तर व्याज सुमारे ३३,५०० रुपये होते. भागांसाठी, सक्तीच्या ठेवीसाठी किती रक्कम कापली जाते आणि हातात प्रत्यक्ष किती पडते, हेही आधी लिहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. पतमाहिती कंपन्यांना माहिती पुरविणाऱ्या ज्या संस्था २००५ च्या कायद्याने नेमून दिल्या, त्यांत बँका, सहकारी बँका व वित्तीय कंपन्या आहेत. पतपेढ्यांचा नामनिर्देश नाही. त्यामुळे पतपेढीचे कर्ज वेळेवर फेडूनही गुणांक सुधारेलच असे नाही. तो सुधारावयाचा तर बँकेची जुनी बाकी मिटविण्याखेरीज उपाय नाही. पतपेढीच्या कर्जातून तीच बाकी फेडली, तर ते कर्ज सार्थकी लागले असे म्हणता येईल.

पत बिघडलेल्या माणसाला काही न विचारता कर्ज देणारी संस्था दयाळू वाटते. वस्तुतः जी संस्था त्याची पगारपत्रिका तपासते, अन्य कपाती मोजते आणि मागितले त्याहून कमी मंजूर करते, तीच त्याचे व त्याच्या जामीनदाराचे हित जपते. अशी संस्था निवडणाऱ्याची पहिल्या अर्थाची पत सावकाश सुधारेल. दुसऱ्या अर्थाची पत मात्र तो त्याच दिवसापासून सांभाळू लागतो.